सेसिलिया पेनच्या प्रबंधातलं एक वाक्य

१९२५ साली हार्वर्ड वेधशाळेने आपल्या नव्या ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक छापलं. लेखिका पंचवीस वर्षांची सेसिलिया पेन, विषय ताऱ्यांची वातावरणं. हाच तिचा डॉक्टरेटचा प्रबंध. पुस्तकात एक कोष्टक आहे. अठरा मूलद्रव्यं आणि त्यांच्यापुढे आकडे: हायड्रोजनपुढे ११, हेलियमपुढे ८.३, सिलिकॉनपुढे ४.८. आकडे लॉगरिदममधले आहेत, त्यामुळे ११ आणि ४.८ यांच्यातला फरक शून्यांमध्ये मोजायचा. सिलिकॉनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे पंधरा लाखांच्या आसपास अणू, असं ते कोष्टक सांगतं. आणि त्याच प्रबंधातलं एक वाक्य म्हणतं, की हायड्रोजन आणि हेलियम या दोन मूलद्रव्यांचं हे अफाट प्रमाण ‘जवळजवळ निश्चितच खरं नाही’.

स्वतः मोजलं, स्वतः छापलं आणि त्याच पुस्तकात स्वतःच खोडून काढलं.

या प्रकरणाची सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी: हुशार मुलगी, हेकट म्हातारा प्राध्यापक, दाबून टाकलेला शोध. ती अगदीच खोटी नाही. पण कागद जवळून बघितले की काही गोष्टी त्यात बसेनाशा होतात. प्राध्यापक, म्हणजे हेन्री नॉरिस रसेल, हेकट नव्हते, सत्तेचाळिशीत होते म्हणजे म्हातारेही नव्हते, आणि शोध दाबला गेला म्हणावं तर तो छापील कोष्टकात उघड्यावर पडलेला आहे. मग नेमकं झालं काय, हे इथे बघायचं आहे.

केंब्रिजहून केंब्रिजला

सेसिलिया हेलेना पेनचा जन्म १० मे १९०० चा, इंग्लंडमधल्या वेंडोव्हरचा. वडील बॅरिस्टर, इतिहासाचे अभ्यासक आणि संगीताचे जाणकार. ती चार वर्षांची असताना ते गेले आणि आईने एकटीने तीन मुलं वाढवली. लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला गुस्ताव होल्स्ट होते. या मुलीने संगीतातच राहावं असं त्यांचं मत होतं. तिने ते ऐकलं नाही. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात दाखल झाली, वनस्पतिशास्त्र, भौतिकी आणि रसायन घेऊन.

त्याच वर्षी मे महिन्यात केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो काढून आले होते आणि सूर्याजवळून येणारा प्रकाश आइन्स्टाइनच्या हिशेबाइतकाच वाकतो असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यावरच्या त्यांच्या व्याख्यानाची चार तिकिटं न्यूनमच्या वाट्याला आली. एका मैत्रिणीला जाता येईना, तिचं तिकीट सेसिलियाला मिळालं. खोलीवर परतल्यावर तिने सगळं व्याख्यान जवळपास शब्दशः लिहून काढलं आणि तीन रात्री तिला नीट झोप लागली नाही. वनस्पतिशास्त्र तिथेच मागे पडलं.

केंब्रिजच्याच कॅव्हेंडिश या भौतिकीच्या प्रयोगशाळेतला तिचा अनुभव मात्र वेगळा. रदरफर्ड यांच्या वर्गात ती एकटीच मुलगी, आणि स्त्रियांनी पहिल्या रांगेत बसायचं असा नियम. रदरफर्ड तिच्याकडे रोखून बघत ‘लेडीज अँड जंटलमेन’ म्हणून सुरुवात करायचे आणि मागची पोरं टाळ्या वाजवायची, पाय आपटायची. रोज. म्हातारपणी तिने लिहिलं आहे, की अजूनही कुठल्या व्याख्यानाला गेले की पाय आपोआप शेवटच्या रांगेकडे वळतात. पुढच्या प्रकरणात ती मागे का सरली असा प्रश्न पडला, तर ही पहिली रांग आठवावी.

केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिलं. म्हणजे शिक्षण सगळं, परीक्षा सगळ्या, पदवी नाही. शाळेत शिकवण्यापलीकडे तिला इंग्लंडमध्ये वाट दिसत नव्हती. लंडनमध्ये एका व्याख्यानाला हार्वर्ड वेधशाळेचे तरुण संचालक हार्लो शॅप्ली आले होते. तिने त्यांना गाठून सरळ विचारलं, मला तुमच्याकडे काम करायचं आहे. १९२३ मध्ये स्त्रियांसाठी असलेल्या एका छोट्या फेलोशिपवर ती बोटीने निघाली. इंग्लंडमधलं केंब्रिज सोडलं आणि मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज गाठलं.

काचांवरच्या रेघा

हार्वर्ड वेधशाळेत तेव्हा जगातला ताऱ्यांच्या फोटोंचा सगळ्यात मोठा साठा होता, तोही काचेवर. दुर्बिणीच्या तोंडाशी प्रिझम बसवला की एकाच काचेवर असंख्य ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे रंगारंगांत पसरलेला त्यांचा प्रकाश, एकदम उमटतात. प्रत्येक तारा म्हणजे एक करडा पट्टा, नखाएवढा, आणि त्याला आडव्या छेदणाऱ्या बारीक रेघा. काच निगेटिव्ह, म्हणून आकाशातल्या वर्णपटात ज्या रेघा काळ्या असतात त्या इथे फिकट दिसतात. काच उजेडावर तिरकी धरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि कुठली रेघ किती ठळक आहे याचा अंदाज करायचा. यंत्र नव्हे, नजर. मग वही.

या काचा वाचणाऱ्या बायकांची पिढीच तिथे तयार झाली होती. ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाख तारे एकेक करून वर्गांत बसवले होते: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. हा क्रम का, म्हणजे ओ आणि एम यांच्यात खरोखर काय बदलतं, याचं पक्कं उत्तर त्या कामात नव्हतं. त्यांनी ते मागितलंही नव्हतं. त्यांचं काम वर्गीकरणाचं, आणि ते इतकं चोख की आजही तीच अक्षरं चालतात.

उत्तराची किल्ली कोलकात्याहून आली. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी दाखवलं, की तापमान आणि दाब माहीत असतील तर एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन झाले असतील ते गणिताने काढता येतं. वर्णपटातली रेघ नुसती मूलद्रव्य आहे की नाही हे सांगत नाही. तो अणू कुठल्या अवस्थेत आहे तेही सांगते, आणि अवस्था ठरवतं ते प्रामुख्याने तापमान. केंब्रिजमध्ये राल्फ फाउलर आणि एडवर्ड मिल्न यांनी हे गणित पुढे नेलं. पेन निघाली तेव्हा मिल्ननीच तिला सुचवलं होतं, की हार्वर्डच्या काचा हाताशी आल्या तर साहांचा सिद्धांत ताऱ्यांवर तपासून बघ. साहांकडे समीकरण होतं, काचा नव्हत्या. हार्वर्डकडे काचा होत्या, समीकरण कुणी हातात घेतलं नव्हतं. दोन्ही एका टेबलावर आली ती या मुलीच्या.

सुरुवातीचं जवळपास वर्ष तिला काहीच सुचेना. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत काचा, आणि हाती गोंधळ. वाट सापडली ती सिलिकॉनमध्ये. उष्ण ताऱ्यांत सिलिकॉनच्या लागोपाठ चार अवस्था दिसतात: साधा अणू, एक इलेक्ट्रॉन गेलेला, दोन गेलेले, तीन गेलेले. तारा जितका तापलेला तितकी पुढची अवस्था ठळक. एकाच मूलद्रव्याच्या चार खुणा म्हणजे आयती तापमानपट्टीच. कॅननबाईंची अक्षरं तापमानाच्या उतरत्या क्रमाने लागली आहेत हे आता आकड्यांनिशी मांडता आलं.

आणि मग प्रमाणाचा प्रश्न. हा भाग थोडा सावकाश बघायला हवा, कारण सगळं प्रकरण इथेच आहे.

सूर्याच्या वर्णपटात सगळ्यात डोळ्यांत भरतात त्या कॅल्शियमच्या दोन जाड रेघा, आणि लोखंडाच्या तर शेकडो बारीक रेघा आहेत. हायड्रोजनच्या रेघा त्यामानाने मोजक्या. सरळ बघणाऱ्याला वाटेल, सूर्यावर कॅल्शियम आणि लोखंड भरपूर, हायड्रोजन बेताचा. पिढ्यान् पिढ्या तसंच वाटत आलं होतं. हेन्री रोलंड यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटलं होतं, की पृथ्वी सूर्याइतकी तापवली तर तिचाही वर्णपट बहुधा सूर्यासारखाच दिसेल.

पण एखाद्या सभेत हात वर केलेले मोजून माणसं मोजता येतील का? आधी हे कळायला हवं, की कोण हात वर करण्याच्या स्थितीत आहे. सूर्याच्या पृष्ठभागाशी तापमान सुमारे ५,८०० केल्विन. या तापमानाला कॅल्शियमचे बहुतेक सगळे अणू एक इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, आणि त्या जाड रेघा याच अवस्थेतल्या. म्हणजे जवळपास सगळ्यांचे हात वर. हायड्रोजनच्या दृश्य प्रकाशातल्या रेघांसाठी मात्र इलेक्ट्रॉन आधीच ऊर्जेच्या दुसऱ्या पायरीवर चढलेला लागतो, आणि पहिल्या पायरीवरून दुसरीवर चढायला १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. ५,८०० केल्विनला एवढी ऊर्जा ज्याच्याकडे आहे असा अणू वीस कोटींत साधारण एक. बाकीचे सगळे खाली हात करून बसलेले, आपल्याला अदृश्य. वीस कोटींतला एकेकच बोलतोय आणि तरीही आवाज ऐकू येतोय, तर सभागृहात किती माणसं असतील?

पेनने प्रत्येक मूलद्रव्यासाठी असाच हिशेब केला. एखादी रेघ कुठल्या वर्गाच्या ताऱ्यात जेमतेम दिसते ते बघायचं, तिथलं तापमान धरायचं, त्या तापमानाला किती टक्के अणू ती रेघ उमटवू शकतात ते फाउलर-मिल्नच्या गणिताने काढायचं आणि त्यावरून एकूण अणूंचा अंदाज बांधायचा. बहुतेक मूलद्रव्यांचं आपापसातलं प्रमाण पृथ्वीच्या कवचाशी बरंचसं जुळलं. सिलिकॉन, लोखंड, कॅल्शियम, सोडियम, सगळी आपापल्या जागी. दोन मात्र कशातच बसेनात.

१४ जानेवारीचं पत्र

१९२४ च्या डिसेंबरात शॅप्लींनी तिचं टिपण प्रिन्स्टनला हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवलं. ताऱ्यांची तेजस्विता आणि वर्ग यांच्या आलेखात ज्यांचं नाव आहे तेच हे रसेल. अमेरिकेतल्या खगोलभौतिकीत त्यांच्या शब्दाला तोड नव्हती. शॅप्ली स्वतः त्यांचे विद्यार्थी. तरुण संशोधकाला घडवायचं की मोडायचं हे रसेल यांच्या एका शब्दावर अवलंबून असे, असं पेननेच पुढे लिहून ठेवलं आहे.

(एक गोष्ट लिहिता लिहिता लक्षात आली. मी रसेलना ‘ते’ लिहितेय आणि पेनला ‘ती’. मराठीत पंचविशीची विद्यार्थिनी आणि नामवंत प्राध्यापक यांच्याबद्दल लिहिताना हात आपोआप तसाच वळतो. बदलणार होते, पण राहू दिलं. या पत्राच्या दोन टोकांना उभी असलेली माणसं याच अंतरावर होती.)

१४ जानेवारी १९२५ ला रसेल यांचं उत्तर आलं. कामाचं कौतुक होतं, आणि एका मोठ्या विसंगतीकडे बोट होतं. हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणं उघडच अशक्य आहे, असं त्यांनी लिहिलं.

‘उघडच अशक्य’ हे शब्द आज वाचताना चिडायला होतं. पण पत्र तिथे थांबत नाही. रसेल यांच्याकडे पर्यायी स्पष्टीकरण होतं. दुसऱ्या पायरीवरच्या हायड्रोजन अणूंची संख्या फाउलर-मिल्नच्या सिद्धांतापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कार्ल कॉम्प्टन यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर एक छोटं टिपणही पाठवलं होतं. सभेच्या भाषेत: माणसं कमीच आहेत, पण हायड्रोजनवाले काही कारणाने भराभर हात वर करतात. आणि हे कारण हवेतून काढलेलं नव्हतं. हायड्रोजनच्या रेघा काही ताऱ्यांत खरोखरच सिद्धांताप्रमाणे वागत नव्हत्या. पूर्ण क्वांटम यांत्रिकी अजून जन्मायची होती. साहांचं समीकरण सूर्याच्या डागांना लावून बघणारे पहिल्या काही लोकांत रसेल स्वतः होते, म्हणजे त्यांना सिद्धांत कळत नव्हता असंही नाही.

अशा वेळी शास्त्रज्ञापुढे दोन दारं असतात. निष्कर्ष विचित्र आहे, म्हणून जग विचित्र आहे असं मानायचं. किंवा निष्कर्ष विचित्र आहे, म्हणून पद्धतीत कुठेतरी खोट आहे असं मानायचं. दहातल्या नऊ वेळा दुसरं दार बरोबर असतं. रसेल यांनी रोजच्या सवयीचं दार उघडलं.

त्यांची बाजू आणखी एका मुद्द्यावर घ्यावी लागते, आणि हा मुद्दा पेनच्या गौरवात सहसा सांगत नाहीत. तिचा हायड्रोजनचा आकडा खरंच चुकीचा होता. आजच्या मापनांप्रमाणे सूर्याच्या वातावरणात सिलिकॉनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे तीस हजार अणू आहेत, पंधरा लाख नाहीत. म्हणजे जवळपास पन्नास पटींची चूक. त्याच कोष्टकातला हेलियमचा आकडा मात्र सिलिकॉनच्या एका अणूमागे तीन हजारांच्या थोडा वर येतो, आणि आजचं उत्तर अडीच हजारांच्या घरात आहे. नजरेने रेघा तोलून, १९२४ मध्ये, हातच्या गणिताने. त्यात योगायोगाचा वाटा किती ते बाजूला ठेवू. हायड्रोजनचा आकडा कमी केला तरी निष्कर्ष हलत नाही: तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे, त्याखालोखाल हेलियमचे, आणि आपण ज्याला जग म्हणतो ते सगळं उरलेल्या चिमूटभरात. आज सूर्याच्या वातावरणाच्या वस्तुमानात हायड्रोजन सुमारे ७४ टक्के, हेलियम सुमारे २५ टक्के धरतात.

तिने काय केलं

आकड्याला हात लावला नाही. कोष्टकात ११ तसाच राहिला. पण मार्च १९२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या तिच्या लेखात, ताऱ्यांची पृथ्वीच्या कवचाशी तुलना करणाऱ्या यादीतून हायड्रोजन आणि हेलियम वगळले आहेत, आणि वगळल्याचं कारण दिलं आहे: निघालेलं प्रमाण असंभाव्य वाटावं इतकं जास्त आहे, ते जवळजवळ निश्चितच खरं नाही. प्रबंधातही तोच सूर आला.

मला या ‘जवळजवळ’पाशी थांबावंसं वाटतं. रसेल यांचं पत्र म्हणतं ‘उघडच अशक्य’. ती तेवढं लिहीत नाही. आणि ज्याला खरोखर खोटं वाटतं तो माणूस आकडा छापत नाही, किंवा दुरुस्त करून छापतो. इथे आकडा शाबूत, त्याच्याकडे जाणारा सगळा हिशेब शाबूत, फक्त निष्कर्षावर एक झाकण. ज्याला उघडायचं त्याने उघडावं.

आत्मचरित्रात तिने दोष स्वतःला दिला आहे. आपण बरोबर आहोत असं वाटत असताना अधिकारापुढे मान तुकवली, मुद्दा लावून धरला नाही ही माझी चूक, असं ती लिहिते, आणि तरुणांना बजावते की तथ्यांची खात्री असेल तर आपली बाजू सोडू नका. मोठेपणा आहे यात. पण मला हा निकाल पटत नाही. पंचविशीच्या आतली, परक्या देशात, फेलोशिपवर. तिच्या हाती इंग्लंडची पदवी नाही. हार्वर्डमधल्या भौतिकी विभागाचे प्रमुख थिओडोर लायमन स्त्री उमेदवार घ्यायला तयार नव्हते, म्हणून डॉक्टरेट शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजकडून, खगोलशास्त्रात. तिथली या विषयातली ती पहिलीच डॉक्टरेट. मार्गदर्शक शॅप्ली, आणि शॅप्लींचे गुरू रसेल. रसेल यांचा आक्षेप उडवून लावला असता तर प्रबंध कुणाच्या आधारावर मंजूर झाला असता?

लायमन यांच्या नावात एक गंमत दडलेली आहे. पहिल्या पायरीवरच्या हायड्रोजन अणूंच्या, म्हणजे खाली हात करून बसलेल्या त्या बहुसंख्यांच्याही रेघा असतात. त्या अतिनील प्रकाशात पडतात आणि पृथ्वीची हवा त्या अडवते. त्या दिसल्या असत्या तर हायड्रोजनचा प्रश्न वादाचा राहिलाच नसता. त्या रेघांच्या मालिकेला लायमन यांचंच नाव आहे.

चार वर्षांनंतर

काही काळाने ती इंग्लंडमध्ये एडिंग्टन यांना भेटली आणि ताऱ्यांमध्ये हायड्रोजन फार आहे असं वाटतं म्हणाली. एडिंग्टन म्हणाले, ‘ताऱ्यांमध्ये’ नाही, ‘ताऱ्यांवर’ म्हणायचंय तुला. विनोद चांगला आहे, आणि त्यात त्यांची अडचणही आहे. ताऱ्याच्या पोटाचं एडिंग्टन यांचं सगळं गणित आतला मालमसाला जड मूलद्रव्यांचा धरून केलेलं होतं. वरच्या थरात हायड्रोजन तरंगत असेल तर असो, पोटात नको. १९३२ मध्ये त्यांनी स्वतः आणि डेन्मार्कच्या बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी वेगवेगळ्या वाटांनी मान्य केलं, की आतही हायड्रोजन बराच, वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तोही आकडा पुढे वाढतच गेला.

त्याआधी १९२८ मध्ये जर्मनीत आल्ब्रेश्ट उन्सोल्ड यांनी सूर्याच्या रेघांवरून हायड्रोजन विपुल असल्याचं दाखवलं होतं. आणि १९२९ मध्ये ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये सूर्याच्या वातावरणातल्या मूलद्रव्यांवर एक मोठा निबंध आला. तो रसेल यांचा. निष्कर्ष: हायड्रोजन सगळ्यांत जास्त, फार जास्त. रसेल यांनी पेनच्या कामाचा उल्लेख केला, तिच्या आकड्यांशी आपले आकडे जुळतात याबद्दल समाधानही व्यक्त केलं. चार वर्षांपूर्वी हेच आपण अशक्य म्हटलं होतं, ते मात्र लिहिलं नाही.

चोरी म्हणावी असं यात काही नाही, उल्लेख आहे. पण श्रेय ही फार निसटती गोष्ट आहे. एका बाजूला ‘जवळजवळ निश्चितच खरं नाही’ म्हणणारा विद्यार्थिनीचा प्रबंध, दुसऱ्या बाजूला ‘खरं आहे’ म्हणणारा रसेल यांचा निबंध. पुढची कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकं कुणाचं नाव घेणार? ज्या वाक्याने प्रबंध वाचवला त्याच वाक्याने श्रेय घालवलं. १९६२ मध्ये ऑटो स्ट्रूव्ह आणि वेल्टा झेबर्ग्स यांनी खगोलशास्त्रात आजवर लिहिला गेलेला सर्वांत चमकदार प्रबंध असं त्याला म्हटलं, तेव्हा सदतीस वर्षं उलटून गेली होती.

पगार कुठल्या खात्यात

प्रबंधानंतर ती हार्वर्डमध्येच राहिली. शॅप्लींनी तिला पगारावर घेतलं, पण पगार वेधशाळेच्या साधनसामग्रीच्या खात्यातून निघायचा. जिथून काचा आणि उपकरणं यायची तिथूनच. ती शिकवत असे, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत असे, आणि १९४५ पर्यंत तिचे वर्ग विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत छापले जात नव्हते. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी शॅप्लींना सांगून ठेवलं होतं, की मी असेपर्यंत मिस पेनची विद्यापीठात नेमणूक होणार नाही. १९३८ मध्ये तिला ‘खगोलशास्त्रज्ञ’ असं पद मिळालं, तेव्हा तिथे येऊन पंधरा वर्षं झाली होती.

१९३३ मध्ये युरोपात फिरताना तिला ग्यॉटिंगनच्या परिषदेत सर्गेई गापोश्किन भेटले. रशियातून बाहेर पडलेले, जर्मनीत नाझी आल्यावर तिथूनही निघायच्या धडपडीत. तिने परत येऊन त्यांच्यासाठी व्हिसाची खटपट केली. मार्च १९३४ मध्ये दोघांनी लग्न केलं. तीन मुलं झाली. नवराबायको दोघांचं काम रूपविकारी ताऱ्यांवर, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं अशांवर. सहायकांसह त्यांनी साडेबारा लाखांहून जास्त निरीक्षणं नोंदवली, आणि नंतर मॅगेलनचे मेघ या शेजारच्या दोन दीर्घिकांमधल्या ताऱ्यांची आणखी वीस लाख. हायड्रोजनच्या गोष्टीपुढे हे काम झाकोळतं, पण आयुष्याची बहुतेक वर्षं तिने यातच घातली. वर्णपटाच्या मूळ प्रश्नाकडे ती तितक्या जोमाने परत गेली नाही. त्याला रसेल यांचं पत्र किती कारणीभूत आणि शॅप्लींनी नेमून दिलेली कामं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे.

शॅप्लींनंतर संचालक झाले डोनाल्ड मेंझेल, तेही रसेल यांचेच विद्यार्थी. पेनचा पगार किती कमी आहे हे कळल्यावर त्यांना धक्का बसला आणि त्यांनी तो वाढवला. १९५६ मध्ये हार्वर्डने सेसिलिया पेन-गापोश्किन यांना पूर्ण प्राध्यापकपद दिलं. हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेत नेहमीच्या बढतीच्या वाटेने त्या पदापर्यंत पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. पाठोपाठ त्या खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुखही झाल्या. इथून पुढे ‘त्या’ लिहिते.

१९६६ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरी काम चालू होतं. ७ डिसेंबर १९७९ ला त्यांचं निधन झालं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७६ मध्ये, अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपला सर्वोच्च मान दिला. त्या मानाचं नाव हेन्री नॉरिस रसेल व्याख्यान. कुणीही पहिली व्यक्ती म्हणून काही बघतं किंवा समजतं तेव्हाचा रोमांच हेच तरुण शास्त्रज्ञाचं बक्षीस, असं त्या तिथे म्हणाल्या. व्याख्यानाचा विषय त्यांनी निवडला होता नवतारे, म्हणजे अचानक उजळणारे तारे, आणि शीर्षक होतं ‘नवताऱ्यांची पन्नास वर्षं’.